डावा कान

लग्नात जावयाचा कान मीच पिळला होता. सोनिकाचा मोठा भाऊ म्हणून तो मान माझा. हळूच पिळला, मंडपातले हसले, पियुषनं मले घड्याळ दिलं, झालं. आता वाटते, तेव्हाच उपटून हाती घ्याले पाहिजे होता.

कारण ह्याच पियुषनं पुढं माझ्या बहिणीच्या कानाखाली अशी वाजवली का तिचा डावा कान कायमचा गेला. गुन्हा काय, तं हिनं त्याच्या दोस्तांसमोर सांगून टाकलं का हा बारावीत दोनदा आपटला होता. धरमपेठच्या डॉक्टरनं सांगितलं, आतली नस मेली, आता इलाज नाही. मी विचारलं, एका कानावर चालते ना मंग? तो म्हणे, ऐकाले चालते. पण आवाज कुठून येऊन राहिला हे दोन कान मिळूनच सांगतात. जवळच्या कानाले तो आधी पोचते, दुसऱ्याले जरासा मागून, अन् त्या फरकावरून डोकं दिशा काढते. ते हिचं आता होणार नाही.

तिची सासू कुसुमताई बाजूलेच बसली होती. म्हणे, "देवानं दोन काहून देले मंग? एक गेला तं एक राहते. संसार का कानावर चालते बाप्पा?" मी उठाले लागलो, तं सोनिकानं माझा हात दाबून धरला.

पियुषले तं खेळच सापडला. घरी चार लोक आले का हा दाराआड लपून "सोनिके" म्हणून हाक मारे. ती खिडकीकडे पाहे. लोक पोट धरून हसत. अन् बहीण माझी येडी, तीही हसे. मी म्हटलं, चाल घरी, पोलिसात जाऊ. तं म्हणे, "जाऊ दे ना दादा, हसून हसून थकतीन." माझी तळपायाची आग मस्तकात जाये.

प्रताप नगरात त्याचं नवीन घर बांधणं चालू होतं. त्या रविवारी मजुरांची सुट्टी होती, पियुष एकटाच स्लॅबवर पाणी माराले गेला होता. दुपारी मी सोनिकाले गाडीवर घेऊन गेलो, तिच्या हातात त्याचा डबा. बोअरची मोटर चालू होती अन् पियुष कुठंच दिसे ना. मंग आवाज आला, "सोनिके, अवं मले काढ."

मले लगेच समजलं. जिन्याखाली जमिनीतली पाण्याची टाकी होती, तोंडावर नुसती प्लायवूडची फळी, अन् ती मोडली होती. मी वाकून पाह्यलं. आत पियुष, एक पाय वाकडा झालेला, छातीपर्यंत पाणी, अन् मोटरचा पाइप टाकीत पाणी सोडूनच राहिला. त्यानं मले पाहून हात वर केला.

मी हात दिला नाही.

सोनिका पहिले फाटकाकडे धावली. पुन्हा हाक आली तं वर स्लॅबवर गेली. तिथून खाली, मागच्या खोलीत, सिमेंटच्या पोत्यांमागं. डबा केव्हाच पडला होता. "अहो, कुठं हाय तुम्ही?" मंग मले म्हणे, "दादा, सांग ना, कुठून येऊन राहिला आवाज?"

"मले काय माहीत," मी म्हटलं. "शोध तू."

खोटं कशाले बोलू, बरं वाटत होतं. खेळ त्याचाच होता, आज फक्त पाहणारा मी होतो. पाणी त्याच्या गळ्याले लागलं तसा आवाज बारीक झाला. "रजतभाऊ," तो म्हणे, "पाय मोडला माझा, उभं राहता येत नाही. हात जोडतो."

मी हळूच म्हटलं, "देवानं दोन देले ना. एक मोडला तं एक हाय."

सोनिका रडत रडत जिन्यापाशी आली अन् मले पाहून थांबली. मी खाली पाहून राहिलो होतो. कानानं तिले जे सापडलं नाही, ते माझ्या नजरेवरून सापडलं. तिनं पळत जाऊन मोटर बंद केली, रस्त्यावरून माणसं ओढून आणली. त्यांनी पियुषले वर काढलं, अन् मी भिंतीले टेकून उभा होतो.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. त्याच्या पायाले प्लास्टर, ती पलंगापाशी स्टूल घेऊन बसली होती. मी म्हटलं, "सोनू, जे केलं ते तुह्यासाठीच केलं. त्यानं तुले किती पळवलं, विसरली काय?"

"तो हसाले पळवत होता," ती म्हणे. "तुले मी रडताना दिसत होती ना?"

मंग ती उठली, स्टूल पलंगाच्या दुसऱ्या बाजूले ठेवलं अन् बसली. आता तिचा डावा कान माझ्याकडे होता. मी हाक मारली, "सोनू." पुन्हा मारली. उजव्या कानानं तिले ऐकू येत होतं, तेवढं मलेही समजते. ती त्याले चमच्यानं वरणभात भरवत राहिली.