एक्सलच्या कव्हरला ठिगळ

गाडीच्या मागच्या एक्सलचं वाडग्यासारखं कव्हर सोडवून उस्तादांनी परसातल्या टेबलावर ठेवलं, तेव्हा त्यांच्या बायकोच्या जिवात जीव आला. गॅरेज विकल्यापासून नवरा घुम्यासारखा बसून असायचा. लग्नाआधी हौसेनं घेतलेली निळी गाडी तेल गाळत उभी होती, पण हे तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते.

शिलाई मशीन थांबवून ती बाहेर आली. त्यांनी कव्हर साबणाच्या पाण्यानं धुऊन, तारेच्या ब्रशनं खरवडून बल्बसमोर धरलं. गंजानं पाडलेली भोकं चमकली, मोहरीएवढी.

"एवढीशीच तर आहेत," ती म्हणाली.

"दिसतात तेवढीशी. बाजूचा पत्रा कागद झालाय. थांब, पितळ वितळवून चुटकीसरशी बुजवतो."

गॅसची ज्योत पेटली आणि तिचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. हात थरथरत होता. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, तरी ज्योत नाचतच राहिली. बघता बघता पत्रा ढासळला आणि अंगठा जाईल एवढं भगदाड पडलं.

"पत्राच सडका!" ते खेकसले.

"मी काही म्हटलं का?"

पण अर्धाच भरून मागितलेला चहा, बटणांचे शर्ट सोडून घातलेले बनियन, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

"अहो, गॅरेज कंटाळून विकलंत ना?"

त्यांनी ज्योत विझवली. मग म्हणाले, "एका गिऱ्हाइकाच्या टाकीला असंच भोक पाडलं मी. हाताखालची पोरं गप्प बसली. हसली असती तर परवडलं असतं."

"आणि मला सांगायला तोंड काय शिवलं होतं?" तिचा आवाज चढला, आणि फुटलाही. "मी आहे कशाला या घरात?"

तिनं पदर खोचला. "द्या तो काळा चष्मा इकडे. ठिगळ चांगल्या कापडावर बसवायचं असतं, एवढं मला कळतं. ज्योत कशी धरायची ते तुम्ही सांगा."

त्यांनी सांगितलं, ओरडलेही. पत्र्याचं ठिगळ बसलं; कडेला पितळेचे ओबडधोबड गोळे राहिले. कव्हरमध्ये रॉकेल ओतून पाहिलं, खालचा कागद कोरडा राहिला.

"गळत नाही," ते म्हणाले. शाबासकी मात्र दिली नाही.

गाडी रस्त्यावर आली ती डॉक्टरकडे जायलाच. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. बरे व्हाल, असं काही ते म्हणाले नाहीत.

परतताना गाडी तीच चालवत होती. शेजारी ते हात मांडीखाली दाबून खिडकीबाहेर बघत बसले होते.

"गिअर बदल," ते बाहेर बघतच म्हणाले. "इंजिन ओरडतंय, ऐकू येत नाही का?"

तिनं गिअर बदलला.