उलट्या आट्यांचा गोळा

चौक गावात जुन्या हायवेलगत, बंद पडलेल्या ढाब्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग पार शेजारच्या टायरवाल्याच्या दारापर्यंत गेला होता. एवढी माणसं असूनही आत कुणी खोकतसुद्धा नव्हतं, कारण समोरच्या लाकडी फळीवर एक पितळी गोळा चालत होता.

चालतच होता, घरंगळत नव्हता. गोलकनाथ महाराजांनी आधी त्याच उतरत्या फळीवर एक काचेची गोटी सोडून दाखवली होती. ती खडखडत खाली गेली आणि भक्तांच्या पायांत हरवली. "ही निर्जीव!" महाराज म्हणाले आणि त्याच जागी त्यांनी चिकूएवढा, कुंकू लावलेला तो गोळा ठेवला. गोळा जागच्या जागी थांबून राहिला. मग बोटभर सरकला. पुन्हा थांबला, जरासा डोलला आणि पुन्हा निघाला.

"आली," गोदूबाईनं नवऱ्याचा दंड घट्ट धरला. "नमू आली. अवो, बघा ना, तशीच चालतेय."

लडकूच्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षं लेथवर लोखंड कातलेला माणूस, सहसा कशाला भुलणारा नव्हे. बायकोची कटकट थांबावी म्हणून तो दहिवलीहून पहिल्यांदाच इथे आला होता. पण नमू, त्यांची नम्रता, पहिल्यांदा चालायला लागली तेव्हा अशीच दोन पावलं टाकून थांबायची, डुलायची, बाप मागे आहे ना ते बघायची आणि मग पुढचं पाऊल टाकायची. ते या दोघांशिवाय कुणाला माहीत असणार? तिला जाऊन अडीच वर्षं झाली होती. लडकूचा हात आपोआप पुढे झाला, लहान मुलाला धरायला होतो तसा. तो त्यानं शरमून मागे घेतला.

"हा जीवगोळा!" महाराजांनी डोळे मिटले. वर्षापूर्वीपर्यंत त्यांचा ठावठिकाणा कुणाला माहीत नव्हता, आता मात्र बोलताना ते हिमालयाखाली उतरायला तयार नव्हते. "हा घडवलेला नाही, प्रकटलेला आहे. याला ना सांधा, ना छिद्र. ब्रह्मांडाची कंपनं जिथं गोठली तिथं हा गवसला. अतृप्त आत्मे यात विसाव्याला येतात. कुणाला शंका असेल त्यानं पुढे यावं आणि उघडून दाखवावा!"

दरवेळी एखादा पैलवान पुढे व्हायचाच. आज वीटभट्टीवरचा साईनाथ उठला. त्यानं गोळा दोन्ही पंजांत धरून पिळला. मानेच्या शिरा फुगल्या, तोंड लालबुंद झालं, पण गोळा ढिम्म.

"नाय रं बाबा, याच्यात सांधा नाय," साईनाथनं हात जोडले. शेडमध्ये जयजयकार झाला. महाराजांच्या शेजारी उभ्या असलेल्या पांढऱ्या कपड्यांतल्या शिष्यानं गोळा पुसून पुन्हा फळीवर ठेवला.

"गोदूमाई, पुढे या," महाराज म्हणाले. "लेकीचा निरोप आहे. सांगितलं तसं केलंत ना?"

"केलं महाराज." गोदूबाईनं शेजारी बसलेल्या नऊ वर्षांच्या समीक्षाला, नमूच्या मुलीला, पुढे ओढलं. "तीन दिस झाले. एक पण गोळी दिली नाय."

"उत्तम. ती विलायती औषधं म्हणजे आईच्या वाटेतली भिंत. मुलीच्या अंगात येतो तो रोग नव्हे, आईची मिठी आहे. भिंत पडली की आई कायमची येईल."

लडकूला आधी कळलंच नाही. मग कळलं. समीक्षाला फीट यायची. कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी औषध सुरू केल्यापासून दीड वर्षात एकही आली नव्हती. "एक वेळ जेवण चुकवा, पण हे एकदम बंद करू नका, पोरीच्या जिवावर बेतेल," असं त्यांनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं.

"गोदू, औषध बंद केलंस?"

"नमूनंच सांगितलं वो." तिचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर अडीच वर्षांत दिसलं नव्हतं असं समाधान होतं. "आपली नमू खोटं बोलल का?"

नमूलाही फीट यायची. तेव्हा या दोघांनी तिला भगताकडे नेलं, अंगारे लावले, कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली. दवाखाना तेवढा राहिला. नदीवर कपडे धुताना तिला फीट आली आणि गुडघाभर पाण्यात ती गेली. दिवसकार्य आटोपल्यावर लडकू पडवीतल्या आपल्या छोट्या लेथवर जाऊन बसला तो उठेचना. हत्यार एका खिळीभोवती कमानीत फिरवायचं आणि पितळेचा गोळा कातायचा. गोळे, मुठी, लाटण्यांची टोकं, जे जे गोल ते सगळं. गोल काम करताना मन कुठे अडकत नाही, एवढंच त्याला बरं वाटायचं.

समोर गोळा परत निघाला होता. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा कवडसा फळीवर पडला होता. गोळा त्यात आला, थांबला, डोलला. साईनाथच्या घामानं कुंकू पुसलं गेलं होतं, तिथे लडकूला एक ठिपका दिसला. तांबूस, मोहरीएवढा.

तो ठिपका त्याला ओळखीचा होता. कातताना पितळेत हवेचं बारीक छिद्र निघालं होतं. टाकून देण्याऐवजी त्यानं त्यात तांब्याची तार ठोकली होती आणि वरून कातून सपाट केली होती. चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. हॉटेलात शोभेला लावायचा आहे म्हणून जीपमधून एक जण आला होता. आतून पोकळ हवा, सांधा नखालाही लागता कामा नये. योगेंद्र असं नाव त्यानं सांगितलं होतं. लडकूनं मान वर करून बघितलं. पांढऱ्या कपड्यांतला शिष्य योगेंद्रच होता आणि तो लडकूकडेच बघत होता.

भुताला माणूस घाबरतो ते ठीक, पण स्वतःच्या हातानं केलेल्या कामाला घाबरणं काय असतं ते लडकूला त्या क्षणी कळलं. अर्धे-अर्धे गोळे जुळल्यावर सांधा दिसेनासा झाला तेव्हा तो खूश होऊन गोळा घरभर दाखवत हिंडला असता, पण गोदूबाई त्या आठवड्यात नातीला घेऊन माहेरी गेली होती.

गप्प बसावं? बसला तर बायकोची लेक तिच्याजवळ राहील. आणि पोरगी? समीक्षा फळीकडे टक लावून बघत होती, आई दिसेल म्हणून.

"महाराज," लडकू उठला, "याला सांधा हाय."

"कोण बोललं?"

"मी बोललो. दहिवलीचा लडकू टर्नर. हा गोळा मीच कातलाय. तो तांब्याचा ठिपका माझा हाय."

शेडमध्ये गलका झाला. महाराजांनी हात वर केला. "विश्वकर्म्याचं काम आणि हा टर्नर! असेल तुझा तर ये, उघड! साईनाथला जमलं नाही, तुझ्या म्हाताऱ्या हाताला जमेल?"

"अवो, बसा ना खाली," गोदूबाई रडकुंडीला आली. "ती जाईल वो."

लडकू बसला नाही. त्यानं नातीला जवळ घेतलं. "समू, घरात तुझी औषधाची डबी हाय ना, मी केलेली? ती कशी उघडते गं?"

"उलटी," समीक्षा म्हणाली. "सगळ्या डब्या बंद होतात तशी फिरवायची, मंग उघडते. आईनी शिकवलं."

त्याचं असं झालं होतं. नमू लहानपणी डबे उघडून खाऊ फस्त करायची म्हणून लडकूनं गमतीनं एका डबीला उलटे आटे पाडले. पोरीनं अर्ध्या दिवसात ते शोधलं. मग ती घरची रीतच झाली. तंबाखूची डबी उलटी, कुंकवाचा करंडा उलटा. लेथच्या गिअरमध्ये त्यासाठी घातलेली जादा चकती त्यानं पुन्हा काढलीच नाही. योगेंद्रचा गोळाही सवयीनं तसाच कातला गेला आणि उघडायची खूण लडकूनं त्याला सांगितली. महाराजांना ते आयतंच फावलं. जो येईल तो आपल्या सवयीनं पिळायचा आणि गोळा आणखी घट्ट करून जायचा.

योगेंद्रनं गोळ्यावर झडप घातली, पण साईनाथ मधे आला. "थांब रं. माझी ताकद बघितली ना सगळ्यांनी? आता पोरीची बघू दे."

मघाशी स्वतःच घट्ट केलेला गोळा साईनाथनं लडकू सांगेल तसा उलटा पिळून सैल केला आणि समीक्षाच्या हातात दिला. तिनं तो दोन झटक्यांत उघडला. एकही मंत्र म्हटला गेला नाही. आतून काळपट, चिकट काहीतरी तिच्या बोटांवरून ओघळलं आणि त्यातून शिशाचा ओबडधोबड गोळा धप्पकन फळीवर पडला. शेडभर वास सुटला.

"काकवी!" पुढच्या रांगेतली इंदूबाई ओरडली. "अगं बाय, ही तर काकवी हाय!"

महाराज म्हणाले, "अविश्वासानं आत्मा निघून गेला! हे त्याचं पार्थिव!"

"गेला का? बोलावतो परत," लडकू म्हणाला. त्यानं शिसं आत घातलं, काकवी निपटून भरली, गोळा उलटा फिरवून बंद केला आणि फळीवर ठेवला. गोळा थांबला. बोटभर सरकला. डोलला. पुन्हा निघाला.

या वेळी कुणी हात जोडले नाहीत.

"आतलं शिसं जड. ते काकवीत रुततं, हळूहळू लोळतं. ते लोळल तेवढाच वरचा गोळा पुढं जातो," लडकू म्हणाला. "गोटी भरीव, ती पळते. याच्यात जीव नाय. मला पण मघाशी वाटलं. माझी पोर चालतेय असं वाटलं मला. वाटण्यात काय चूक नाय, मेलेलं माणूस परत कुणाला नको असतं? पण वाटलं म्हणजे खरं झालं नाय. जे कळत नाय ते उघडून बघा. बघू देत नसंल तर समजा, आत काकवी हाय. आणि आजारी पोराचं औषध कुणी बंद करायला सांगितलं, मंग तो देव का असंना, त्याला इचारा, तू डॉक्टर हायस का?"

मागे जीप सुरू झाल्याचा आवाज आला. टायरवाल्यानं आपला टेंपो जीपला आडवा लावला होता आणि कुणीतरी पोलिसांना फोन करत होतं. लडकू ते बघायला थांबला नाही. तिघं रिक्षानं थेट कर्जतला डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई आधी रागावल्या, मग त्यांनी पोरीला तपासलं, औषध लगेच सुरू करायला सांगितलं आणि आठवडाभर नजरेआड करू नका म्हणाल्या.

घरी आल्यावर गोदूबाई पडवीत लेथला टेकून खाली बसली.

"ती आलीच नव्हती का वो?"

"नाय."

"एकदा पण नाय?"

"नाय, गोदू."

ती पदरात तोंड घालून रडली, अडीच वर्षांपूर्वी रडली होती तशी. लडकू तिच्याजवळ बसून राहिला. स्वतःच्या हातांकडे बघायचं तो टाळत होता.

"पोरीला तीन दिस औषध दिलं नाय मी," ती शेवटी म्हणाली.

"आपण तिच्या आईला कधीच दिलं नाय," लडकू म्हणाला. "ऊठ. हिला दे."

गोदूबाई उठली. तांदळाच्या पिंपात लपवलेली पितळेची डबी तिनं बाहेर काढली, पदरानं पुसली आणि झाकण उलटं फिरवलं. समीक्षानं पाण्याचा पेला घेऊन तोंड उघडलं.