दुसऱ्या पानावरचा एलिंग

"अजून मोठी कर," हालवोर म्हणाला.

आस्ताने टॅबच्या पडद्यावर बोट टेकवलं आणि अक्षरं आणखी फुगली. आता एका ओळीत एकच नाव मावत होतं. हालवोरने, म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकाने, टॅब नाकाजवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला आणि मान डोलावली. बाहेर घंटा सुरू झाली होती.

आमच्या बेटावरच्या चर्चची कचेरी आस्ता सांभाळते, मी ऑर्गन वाजवतो. हालवोरची नजर अधू व्हायला लागली तेव्हा गावाने त्याला टॅब घेऊन दिला, आणि प्रवचनं, गाणी, प्रार्थना त्यात घालून देण्याचं काम आपसूक आस्ताच्या गळ्यात पडलं. नुसती पीडीएफ उघडली तर अक्षर वाढवावं तशी ओळ पडद्याबाहेर पळते, तिला बोटाने ओढत बसावं लागतं. त्याच कागदाचं ई-पुस्तक केलं की अक्षर वाढतं आणि ओळ आपली आपण खाली वळते. हे शिकण्यात तिचा अख्खा हिवाळा गेला. नवऱ्याने तिला जन्मभर गाडीच्या स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता, तुला जमायचं नाही म्हणून. हे जमलं तेव्हा ती त्याच्या कबरीवर जाऊन सांगून आली.

नोव्हेंबरातला हा रविवार मृतांचा. वर्षभरात गेलेल्यांची नावं पाळक वाचतो आणि प्रत्येक नावाला आस्ता एक मेणबत्ती लावते. गेल्या वर्षी कागदाच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापलेली ओळ ई-पुस्तकात मधेच घुसली, आणि हालवोरने गंभीर आवाजात वाचलं, "पान दोन, चर्च कचेरी." आस्ताने सवयीने त्यालाही मेणबत्ती लावली. मग हिवाळाभर दुकानात लोक तिला विचारायचे, पान दोनच्या घरचे आता कसे आहेत गं?

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या वर्षी तिने यादीवरून ती ओळ स्वतः खोडलीच, शिवाय ई-पुस्तक करताना संगणकावर एका चौकटीत खूणही केली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर तीच ओळ दिसली तर काढून टाक, अशी ती खूण होती. हे सगळं मला नंतर कळलं.

त्या दिवशी पहिल्या बाकावर सिग्ने मिरवोल बसली होती. तिचा मुलगा सप्टेंबरात मासेमारीच्या बोटीवरून पडला आणि समुद्राने त्याला परत दिलं नाही. पुरायला काही नाही, म्हणून कबरही नाही. तेव्हापासून सिग्ने घराबाहेर पडली नव्हती. आस्ता मात्र पाव भाजला की एक तिच्याकडे घेऊन जायची आणि सांगायची, कबर नाही तर नाही, नाव तरी ऐकायला ये. म्हणून ती आली होती. कोट तिने काढलाच नव्हता.

मला ऑर्गनवर पाठमोरं बसावं लागतं, पण समोर एक आरसा आहे. त्यात मी सगळं बघतो.

"ओलाउग नेस," हालवोरने वाचलं. आस्ताने मेणबत्ती लावली आणि त्याच्याकडे बघितलं. मलाही खटकलं. यादी मृत्यूच्या तारखेने लागते, आणि वर्षातला पहिला गेला होता तो म्हातारा एलिंग मिरवोल, सिग्नेचा सासरा, आपल्या अंथरुणात, झोपेत. त्याच्या अंत्यविधीला मीच वाजवलं होतं. हालवोरची ओळ चुकली असेल, शेवटी घेईल, असं मला वाटलं.

पण आस्ताचा चेहरा उतरला. आमच्याकडे पहिल्या नातवाला आजोबाचं नाव देतात. सिग्नेच्या मुलाचं नावही एलिंग मिरवोल. म्हातारा पहिल्या पानाच्या डोक्यावर होता, पोरगा नेमका दुसऱ्या पानाच्या डोक्यावर. तिने केलेल्या खुणेने दोघांना एका झटक्यात उचललं होतं.

नावं पुढे चालली. जून-जुलैत गेलेले झाले, ऑगस्टातले आले. प्रत्येक नावाबरोबर सिग्ने बाकाच्या कडेला सरकत होती. हालवोरने ऑक्टोबरात गेलेल्या सुतारबाईचं नाव वाचलं, आणि सिग्नेची मान खाली गेली. दोन मेणबत्त्या तशाच उभ्या होत्या. हालवोरने टॅब खाली ठेवला आणि हात जोडले.

"थांब, हालवोर."

इतक्या वर्षांत आस्ता उपासनेत बोललेली कोणी ऐकली नव्हती. तिचा आवाज चिरका निघाला.

"एलिंग मिरवोल," ती म्हणाली आणि मेणबत्ती लावली.

हालवोरला वाटलं, एक नाव राहिलं होतं, ते झालं. त्याने परत हात जोडले. सिग्ने त्या ज्योतीकडे टक लावून बघत होती. ती आजोबाची की नातवाची, हे तिला कोण सांगणार?

"अजून एक आहे," आस्ता म्हणाली. काडी तिच्या हातात मोडली. तिने दुसरी ओढली. "धाकटा एलिंग. आपल्या सिग्नेचा."

असं नाव कुठल्याही कागदावर नव्हतं. पण गावात त्याला हाक तीच होती. सिग्ने उठून उभी राहिली आणि मेणबत्ती नीट पेटेपर्यंत उभीच राहिली. मी पुढचं गाणं तोवर सुरू केलं नाही.

नंतर सगळे कॉफी आणि वॉफल घ्यायला गेले. मी गाण्यांची पत्रकं ठेवायला कचेरीत गेलो तर सिग्ने दारात उभी होती.

"त्या टॅबमध्ये तो आहे का?" तिने विचारलं.

"नव्हता," आस्ता म्हणाली. "माझ्याच हातून गेला. म्हातारेबुवाही गेले. मी खूण केली होती, तिने दोघांना काढलं."

सिग्ने आत आली. मग म्हणाली, "मग घाल ना परत."

आस्ता संगणकाशी बसली. खूण पुसली. मग मागे न वळता विचारलं, "कागदावर आहे तसं घालू?"

"नको. तू मघाशी म्हणालीस तसं."

यादीचं पुन्हा ई-पुस्तक झालं. सिग्नेने टॅब मांडीवर घेतला, मुलाचं नाव शोधलं आणि अक्षरं वाढवत गेली. तिची नजर चांगली आहे, तरी वाढवत गेली. खालची नावं एकेक करून पडद्यावरून सरकली, सुतारबाईही सरकली. शेवटी पडद्यावर एकट्या धाकट्या एलिंगचं नाव उरलं. सिग्नेने कोटाची बटणं सोडली आणि त्या नावावर हात ठेवून बसून राहिली.