शास्त्रात नसलेलं वचन

तालिता चर्चमध्ये मोठ्याने हसली. भर प्रवचनात, पुढून दुसऱ्या रांगेत, पांढऱ्या टोपीखालून. एलिसाला नावाचे पास्टर हात उंचावून सांगत होते, "शास्त्र म्हणतं, 'देवा, मी तुझ्यावर इतकी रागावलेय, म्हणजे तू असणारच. आता तोंड दाखव!'" आणि तिला हसू आवरेना. ते शास्त्रातलं नव्हतंच. एका कादंबरीतलं होतं, आणि ती कादंबरी तालिताच्या चटईखाली होती.

गोवराच्या साथीत तिचा चार वर्षांचा मुलगा पेनी गेला. दफनाच्या वेळी ह्याच एलिसालांनी सांगितलं होतं, की देवाला आपल्या बागेसाठी एक सुंदर फूल हवं होतं. तालिताच्या अंगाचा तिळपापड झाला. अख्ख्या बेटावर फुलांचा सडा पडलेला असतो, आणि देवाला नेमकं तिचंच पोर दिसलं? त्या दिवसापासून तिची प्रार्थना बंद पडली. ओठ हलायचे, आत काही नसायचं. सासू आओलेले तर रडलीसुद्धा नाही. नवरा न्यूझीलंडच्या सफरचंदांच्या बागेत राबत होता. घरात ह्या दोघीच, आणि दोघींत बोलणं नाही.

मग ऑकलंडच्या बहिणीने डबाबंद मांसाच्या खोक्यात एक जुनी कादंबरी घालून पाठवली. तीत एक धोबीण होती. तिची मुलं समुद्राने नेली होती, आणि ती रोज चर्चच्या पायरीवर कपडे आपटत देवाशी कडाकडा भांडायची. तालिता वाचत सुटली. तापल्या दगडांच्या उमूत भाजायला ठेवलेला तारोचा कंद करपून कोळसा झाला. देवाशी असं बोलता येतं हे तिला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. गावात सगळे मान खाली घालून त्याच्याशी गोड गोड बोलतात, जावयाशी बोलावं तसं.

संध्याकाळी शंख वाजला की गाव जागच्या जागी थांबतं. दुसरा शंख वाजेपर्यंत रस्त्यावर कुणी फिरकत नाही, आणि घरोघर प्रत्येकाने एक पाठ वचन म्हणायचं असतं. त्या संध्याकाळी तालिताच्या तोंडून धोबिणीचं वाक्य निघालं, आपल्या भाषेत. सासू ढसाढसा रडली. पेनी गेल्यानंतर पहिल्यांदाच.

"कुठल्या संदेष्ट्याचं गं हे?" सासूने विचारलं. तालिता ताटं घ्यायला उठली. सासूने ते पाठ केलं, चटया विणणाऱ्या बायकांना ऐकवलं, आणि तिथून ते पास्टरांच्या बायकोमार्फत थेट व्यासपीठावर चढलं. शास्त्र उघडून बघायची तसदी पास्टरांनी घेतली नाही.

चर्च सुटल्यावर, सासू पुढे निघून गेली तेव्हा, पास्टरांनी दारातच हसण्याचं कारण विचारलं, आणि तिने सरळ सांगून टाकलं. संध्याकाळी ते लालबुंद होऊन घरी आले.

"सगळ्या गावासमोर मला तोंडघशी पाडलंस!"

"मी पाडलं? ते तुमच्या तोंडात मी घातलं होतं का?"

"कुणा बाईने बसल्या बसल्या रचलेलं खोटं, आणि तू ते देवासमोर म्हणतेस?"

"आणि माझा पेनी फूल होता, ते काय होतं हो, पास्टर? ते कुणी रचलं होतं?"

"जीभ आवर! ते पुस्तक आत्ताच्या आत्ता विस्तवात टाक. नाहीतर रविवारशाळेत शिकवायला पाऊल ठेवायचं नाही. आणि आधी ह्या म्हातारीला खरं सांग."

रविवारशाळा गेली तर गेली. पण सासू तेवढ्या एका वाक्यावर उठत होती, जेवत होती. ती खांबाला टेकून सगळं ऐकत होती.

"आई, ते शास्त्रातलं नव्हतं, एका कादंबरीतल्या धोबिणीचं होतं," तालिता म्हणाली. "मी तुम्हाला फसवलं."

तेवढ्यात शंख वाजला. पास्टर अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. शंख वाजल्यावर रस्त्यावर दिसलेल्या माणसाला गाव दंड केल्याशिवाय सोडत नाही, मग तो पास्टर का असेना.

पहिलं वचन सासूचं. तिने पदर सारखा करावा तशी कमरेला गुंडाळलेली लावालावा नीट केली, डोळे मिटले आणि म्हणाली, "देवा, मी तुझ्यावर इतकी रागावलेय, म्हणजे तू असणारच. आता तोंड दाखव."

"आओलेले! आत्ताच सांगितलं ना, ते शास्त्र नाही!"

"ऐकलं मी. कान शाबूत आहेत माझे," सासू म्हणाली. "तुमच्या त्या फुलाने माझा घसा दाबून धरला होता, पास्टर. रडूसुद्धा फुटत नव्हतं. त्या बाईने तो मोकळा केला. धोबीण असो नाहीतर कुणी असो. तालिता, तुझी पाळी."

तालिताला धोबिणीचं वाक्य आठवलं, पण आता ते तिला पुरेना. तिने मान वर केली.

"माझा पेनी कुठे आहे?" तिचा आवाज चढला. "मला फुलं नकोत, मला उत्तर हवंय. आज दिलं नाहीस तर उद्या शंख वाजला की पुन्हा विचारीन. परवाही विचारीन. तुला सोडणार नाही मी."

"आमेन," सासू म्हणाली, आणि पास्टरांकडे बघत राहिली. आता पाळी त्यांची होती. त्यांना उठून जायचं होतं, पण दुसरा शंख अजून वाजला नव्हता.