लोंबती वायर

जावईबापूंना काही म्हणून लोंबलेलं बघवत नाही. दोरीवरचा टॉवेल सरळ करतील, पडद्याच्या नाडीला गाठ मारतील, उघड्या बरणीचं झाकण आतल्या चमच्यासकट गच्च दाबून लावतील. लेकीचं लग्न झाल्यापासून कौशल्याबाई हे गिळत आल्या होत्या. जावयाला सरळ बोलायचं नाही, ही त्यांच्या माहेरापासूनची रीत. एका खोलीत समोरासमोर बसून त्या म्हणायच्या, "शर्मिले, त्यांना सांग," आणि दत्तप्रसाद म्हणायचे, "आईंना सांग, ऐकलं."

पण आजचं प्रकरण बरणीवर भागणारं नव्हतं.

सदाशिव पेठेतल्या ज्या हॉलमध्ये बाईंनी उभी हयात खानावळ चालवली, तिथे आता कॉम्प्युटर होते. स्पर्धा परीक्षेची पोरं तिथे सराव परीक्षा द्यायला येत. आज हिंदुराव सरांचा क्लास पहिल्यांदाच आला होता. आज नीट पार पडलं तर वर्षभर हॉल त्यांच्याकडेच लागायचा. आणि एकाही स्क्रीनवर पेपर उघडत नव्हता.

"मावशी, हॉल उत्तम आहे," सर घड्याळ बघत म्हणाले. "पंखेसुद्धा चालतात. दोनपर्यंत थांबतो, मग पोरांना दुसरीकडे नेतो."

पोरं टेबलं बडवू लागली. बाई दारापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून दारापर्यंत फेऱ्या घालत होत्या. सगळ्या वायरी जिथे जमत त्या भिंतीवरच्या खोक्याचे दिवे अंगात आल्यासारखे एकदमच लुकलुकत होते. बाई त्याच्याकडे असं बघत होत्या, की जीव असता तर ते शरमलं असतं.

शेवटी वारज्याहून स्कूटर हाणत भाचा तेजस आला. हे सगळं त्यानंच बसवलं होतं. त्यानं खोक्यात डोकावलं आणि एक वायर उपटली. दिवे भानावर आले.

"ही कुणी खोचली?"

दत्तप्रसादांचे कान लाल झाले. "शर्मिला, सांग त्याला, मीच. काल दिसली लोंबताना. शेजारी भोक रिकामं होतं."

तेजस खदाखदा हसला. "धन्य आहात, दाजी! अहो, वरच्या मजल्यावरच्या खोक्याला एक वायर आधीच जाते. ही जास्तीची, पहिली तुटली तर म्हणून टाकलेली. दोन्ही लावल्यात, झालं रिंगण. एखाद्या मशीननं 'कुणी आहे का' म्हणून हाक मारली, की ती एकीतून वर, दुसरीतून खाली, परत वर. थांबवणार कोण? अशा हाका साठत गेल्या आणि रस्ता तुंबला."

"आणि ही खोकी आंधळी आहेत का?" बाईंनी विचारलं. "रिंगण झालेलं त्यांना कळत नाही?"

तेजसचं हसू अडखळलं. "कळतं. आत सोय असते. खोकी आपसांत ठरवतात, मुख्य कोण. मग मुख्याकडे जायची एकच वाट उघडी ठेवतात, जास्तीची मिटतात. वायर लागलेलीच असते, नुसती गप्प बसते. पहिली तुटली की ही बोलायला लागते."

"मग आज का नाही मिटली?"

"आत्या, ती सोय मीच बंद ठेवली होती. ती असली की मशीन लागल्यावर अर्धा मिनिट थांबावं लागतं. कुठे रिंगण आहे का, खोकं आधी चाचपून बघतं. पोरं बोंबलायची ना, नेट नाही म्हणून."

"पोरं, का तू?"

तेजसनं लॅपटॉप उघडून सोय चालू केली. दिवे नारिंगी झाले आणि तसेच राहिले. भाताला दम देताना झाकणाला कुणाला हात लावू न देणाऱ्या कौशल्याबाई, पण त्या अर्ध्या मिनिटात त्यांनी पदराचं टोक पिळून पिळून दोरी केली. मग एकेक दिवा हिरवा झाला.

"चला, सुरू करू," सर म्हणाले.

"थांबा. शर्मिले, त्यांना..." बाई मध्येच थांबल्या आणि सरळ जावयाकडे वळल्या. "जावईबापू, ती वायर परत लावा."

शर्मिला आईकडे बघतच राहिली.

"आत्या, आता चाललंय ना? कशाला उगाच?"

"तुझ्या शब्दावर विसंबूनच तर इथवर आलो. पेपर मध्यावर असताना पुन्हा कुणी खोचली तर? जे व्हायचं ते माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे. लावा हो."

दत्तप्रसादांनी वायर खोचली. तिचा दिवा नारिंगी लागला आणि नारिंगीच राहिला; वायर गप्प बसली होती. बाकीचे हिरवेच राहिले. स्क्रीनवर पेपर उघडू लागले.

"बसा रे," सर म्हणाले आणि त्यांनी घड्याळ मनगटावर फिरवून पालथं केलं.

दत्तप्रसाद हळूच बायकोकडे सरकले. "आईंना सांग, चुकलं माझं."

"तिला काय सांगता? मी इथे उभी आहे," बाई म्हणाल्या. "अर्धी चूक तुमची, अर्धी ह्या उतावळ्याची. ज्यातलं कळत नाही तिथे बोट घालायच्या आधी मला विचारायचं, आणि मलाच विचारायचं. बरण्यांची झाकणं लावा हवी तेवढी. फक्त चमचा आधी बाहेर काढत जा."