केनवडच्या स्पर्धेत दोन विहिणी

स्पर्धेच्या आदल्या दिवशी वैजयंतीला विंचू चावला आणि कस्तुराबाईंचा सगळा बेत कोलमडला.

कस्तुराबाई आणि रंगराव यांचा रिसोडच्या बाहेर भाजीपाल्याचा मळा. वांगी, मेथी, कांद्याची पात, सांबार म्हणजे कोथिंबीर. पहाटे तोडायचं आणि उजाडता उजाडता बाजारात न्यायचं. वैजयंती शेजारच्या मळ्यातली, कस्तुराबाईंची जिवाभावाची मैत्रीण. केनवडच्या तरुण शेतकऱ्यांनी यंदा रोडगे-भरिताची मोठी स्पर्धा ठेवली होती. तूर काढून मोकळं झालेलं रान, तिथं ओळीनं इस्तो, म्हणजे विस्तव, पेटवायचे, आणि जोडीला स्टेजवर ऑर्केस्ट्रा. नियम साधेच होते. दोघांच्या जोडीनं यायचं, लाकूड-गोवऱ्या आपल्या आपण आणायच्या, आणि गॅसची शेगडी दिसली की जोडी बाद. दोघी मैत्रिणींनी महिनाभर आधीपासून जाड्या गोवऱ्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. त्याच ढिगातून तो विंचू निघाला.

दवाखान्यात इंजेक्शन झालं, जिवाची भीती टळली, पण वैजयंतीचा हात मनगटापासून कोपरापर्यंत सुजला होता.

"तू जाय," खाटेवरून ती म्हणाली. "कोनाले तरी संग घे. पण जाय."

घ्यायचं कोणाला? रंगरावांना चहाच्या पुढे काही करता येत नव्हतं. मुलगा हर्षल पीठ मळायला बसला तर ते खुरप्यानं खरवडावं लागे. सून सुप्रिया हौशी होती, पण तिला पाचवा महिना लागलेला आणि धूर लागला की उलट्या व्हायच्या.

"माही आई हाये ना, आत्या," सुप्रिया म्हणाली.

कस्तुराबाईंनी ओसरीकडे पाहिलं. सुप्रियाची आई सोजरबाई लेकीला भेटायला आसेगावहून कालच आल्या होत्या. ओसरीवर बसून त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या, आणि त्यांना सगळं ऐकू जात होतं.

या दोन विहिणींमध्ये भांडण असं कधी झालंच नव्हतं. झालं असतं तर बरं झालं असतं. लग्नाच्या पंगतीत कस्तुराबाई मोठ्यानं बोलून गेल्या होत्या, "हे वरन हाये का आडाचं पानी?" वाढपी हसला, पंगत हसली, आणि भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या सोजरबाईंनी ते ऐकलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं म्हणजे "बसा," "चहा घ्या," "गाडी किती वाजता हाये?" लग्नानंतर कस्तुराबाई आसेगावला एकदाही गेल्या नव्हत्या.

"ईनबाईले जमन का?" कस्तुराबाईंनी सुनेला विचारलं, पण आवाज ओसरीपर्यंत जाईल एवढा ठेवला.

"रोडगे माह्या हातचे असतीन," ओसरीवरून उत्तर आलं. "भरीत तुमचं तुमी पाहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षलनं सगळ्यांना मालवाहू गाडीतून केनवडला नेलं. पुढे सुप्रिया आणि तिची आई, मागे गोवऱ्या, तुराट्या, वांग्यांची टोपली आणि त्यांच्यात अवघडून बसलेले रंगराव आणि कस्तुराबाई. रानात पोचेपर्यंत निम्मा तालुका लोटला होता. गावागावांच्या जीपा, फुगेवाले, उसाच्या रसाचा गाडा. स्टेजवर रविकांत नावाचा ऑर्केस्ट्रावाला माइकमध्ये "हॅलो, चेक, हॅलो" करत होता. त्याच्या अंगातला चमकीचा कोट उन्हात असा चमकत होता की बैल बुजावेत.

पंच होते लालसिंग. रस्त्यावरच्या ढाब्याचे मालक, मोठं पोट, मोठ्या मिशा. त्यांनी शिट्टी वाजवली आणि सगळ्या रानभर धूर उठला.

सोजरबाईंनी गव्हाचं जाडसर पीठ मळायला घेतलं. गोळ्यात गोळा, मध्ये तेलाचं बोट, वर पुन्हा पारी. हात भरभर चालत होते. कस्तुराबाईंनी तुराट्या पेटवल्या आणि वांगी रचली. दोघींची तोंडं दोन दिशांना.

"इस्तो जास्त झाला," सोजरबाई पिठाकडे बघत म्हणाल्या.

"माहा इस्तो मले समजते."

"समजते तं वांगं जयून काहून राह्यलं?"

वांगं खरंच एका बाजूनं जळत होतं. कस्तुराबाईंनी चटकन ते फिरवलं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "भरितात पात घालतो आमी. फोडनी देऊन."

"आमी देत नाई फोडनी. कच्चं तेल वतायचं."

"आज माह्या हातचं हाये."

"हो बाप्पा. मी कुठी काय म्हनलं?"

शेजारच्या इस्त्यावरचे दोघे भाऊ हे ऐकून खाली मान घालून हसत होते. पलीकडे दोरीमागे बसलेली सुप्रिया हर्षलला म्हणाली, "मी उगाच बोलली. दिवसभर अशाच बसतीन त्या." रंगराव मात्र खुशीत होते. ऑर्केस्ट्राच्या तालावर त्यांची मान डुलत होती, आणि ओळखीचा माणूस दिसला की ते हात वर करून हाक मारत होते. त्यांच्या ओळखीचं कोण नव्हतं? बाजारात बसणाऱ्या माणसाला अख्खा तालुका ओळखतो.

गोवऱ्यांचा निखारा पडला तसे सोजरबाईंनी रोडगे त्यात पुरले आणि वरून राख ओढली. आता थांबायचं होतं. नेमकी तेव्हाच जनरेटरनं एक उचकी दिली आणि तो बंद पडला. गाणारी बाई ओळीच्या मध्यात मुकी झाली. कीबोर्ड गेला, माइक गेला. रविकांत नुसतेच ओठ हलवत राहिला. एवढ्या मोठ्या रानात फक्त लाकडं तडतडल्याचा आवाज उरला.

लोक चुळबुळायला लागले. कोणी शिट्ट्या मारल्या. दोन जण जनरेटरला लाथा घालून पाहत होते.

सोजरबाई इस्त्यापाशी उकिडव्या बसल्या होत्या. हातांना काम नव्हतं. त्या आधी गुणगुणल्या, मग जरा मोठ्यानं म्हणाल्या. लग्नात विहिणीला चिडवायची जुनी चाल होती ती, शब्द मात्र तिथल्या तिथं जुळवलेले.

"आली आली ईनबाई, लुगड्याची घडी,
वांगं टाकलं इस्त्यावर, त्याची झाली काडी!"

शेजारचे भाऊ मोठ्यानं हसले. "अजून! अजून!" कोणीतरी ओरडलं.

कस्तुराबाईंचा चेहरा लाल झाला. चार माणसांत असं! उठून जावं की काय, असं त्यांना क्षणभर वाटलं. पण ती चाल त्यांनाही येत होती. त्यांच्या माहेरी केनवडलाच हळदीच्या दिवशी ही गाणी चालायची, आणि गाण्यात त्यांना कोणी हरवलं नव्हतं. हर्षलच्या लग्नात डीजेच्या दणक्यात ती गाणी म्हणायची राहूनच गेली होती. त्यांनी पदर खोचला.

"ईनबाईच्या अंगनात आड लय खोल,
सारा वतला वरनामंधी, पोहऱ्यानं वाढा, बोल!"

सगळं रान हसलं. दोरीमागे सुप्रियानं कपाळावर हात मारला. झालं! जे दोन वर्षं झाकून ठेवलं होतं ते सासूनं भर मैदानात काढलं.

सोजरबाईंनी राखेत काडी फिरवली. आणि मग सोजरबाईंनी मान वर केली.

"वरन पातय म्हने बाई, पातय म्हने बाई,
पाच वाट्या पेल्यावर मंग याद आली काई!"

आता लोक उठूनच उभे राहिले. रविकांतनं स्टेजवरून उडी मारली. त्याच्या ढोलकीवाल्याला वीज लागत नव्हती. तो गळ्यात ढोलकी अडकवून दोघींच्या इस्त्यापाशी आला आणि त्यानं ठेका धरला. झांजा कोणाच्या होत्या कोण जाणे, पण त्याही आल्या. एकीनं जावयाच्या मिशीवर म्हटलं, दुसरीनं सुनेच्या झोपेवर. मग दोघींनी मिळून रंगरावांच्या टक्कलावर एक रचलं, तेव्हा रंगराव स्वतःच उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. बायका दोरी ओलांडून आत आल्या आणि गाण्याच्या ओळी झेलायला लागल्या. लालसिंग पंचांची वही काखेत मारून ठेका धरत होते.

हसता हसता सोजरबाईंना ठसका लागला. कस्तुराबाईंनी तांब्या पुढे केला. पाणी पिऊन त्या हळूच म्हणाल्या, फक्त विहिणीला ऐकू जाईल असं, "वरनात पानी वतलं होतं म्या. खरं हाये ते. तुमी सांगतली त्याच्या दुप्पट मान्सं आली वरातीत. काय करू मंग? लेकीच्या लग्नात कोनाले उपाशी उठवू?"

"दुप्पट?"

"मंग. बसाले सतरंज्या पुरल्या नाईत."

कस्तुराबाईंना हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी त्या मुलाच्या मागेपुढे होत्या, मोजायला कोणाला सवड होती? त्यांनी मान वळवून दोरीकडे पाहिलं. रंगराव एका फुगेवाल्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणत होते, "ये ना घरी, जेवाले ये! बायकोले घेऊन ये, पोरंही आन!"

दोन वर्षांचं कोडं तिथंच सुटलं.

"ह्या मान्सानं अख्खा बाजार बलावला असंन," कस्तुराबाई म्हणाल्या. "आन् बोल तुमाले लागला. ईनबाई, माहं चुकलं व."

सोजरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, ते धुराचं होतं की कशाचं, कोणी विचारलं नाही. "जाऊ द्या," त्या म्हणाल्या. आणि मग एकदम किंचाळल्या, "व माय! रोडगे!"

रोडग्यांचा पार कोळसा झाला होता. राख झटकून बाहेर काढले तर तळहाताएवढे काळे दगड. कस्तुराबाईंचं भरीतही अर्धवटच होतं; वांगी सोललेली, पात चिरलेली, आणि फोडणीला तेल तापवायला वेळ नव्हता. लालसिंग पहिल्या ओळीतून चाखत चाखत इकडेच येत होते.

"कच्चंच तेल वता," सोजरबाई म्हणाल्या.

"वतते."

सोजरबाईंनी एकेक रोडगा फडक्यात धरून वरचा काळा पापुद्रा सोलला. आतून पांढरी, वाफाळलेली घडी निघाली. कस्तुराबाईंनी वांग्यात मिरची-लसणाचा ठेचा, पात, सांबार टाकून लाकडी मुसळीनं घोटलं, वर कच्चं तेल सोडलं. लालसिंगांनी रोडगा तुपात बुडवून खाल्ला, भरीत चाखलं, डोळे मिटले.

"चव एक नंबर," ते म्हणाले. "पन रोडगे जयलेले हायेत, बाई. डोयानं दिसते ते मी कसं लपवू?"

पहिलं बक्षीस शेजारच्या दोघा भावांना मिळालं. दुसरं, तिसरं आणखी कोणाला. आपल्या जोडीचं नाव उत्तेजनार्थसुद्धा आलं नाही. पण निकाल लागताच लोक त्यांच्याच इस्त्याभोवती गोळा झाले. "गानेवाल्या बायांचं भरीत" म्हणून एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. रविकांत चमकीच्या कोटावर तेल सांडत उभ्यानं जेवला. सुप्रियाला त्या दिवशी धूर लागला नाही की काही नाही; तिनं दोन रोडगे खाल्ले आणि तिसरा मागितला. टोपली पुसून निघाली तेव्हा कस्तुराबाईंच्या लक्षात आलं की आपण घासभरही चाखलं नाही. सोजरबाईंनी भांड्याच्या कडेचं भरीत बोटानं गोळा केलं आणि त्यांच्या तोंडासमोर धरलं.

"सांगा आता. फोडनी लागते का?"

कस्तुराबाईंनी चघळून चघळून खाल्लं. "लागते," त्या म्हणाल्या. "थोडीशी."

परतताना मागच्या गोवऱ्यांच्या जागी दोघी विहिणी बसल्या. रंगरावांना पुढे बसवलं होतं, म्हणजे रस्त्यानं त्यांना कोणाला जेवायला बोलवता येऊ नये.

तिसऱ्या दिवशी सोजरबाई आसेगावला निघाल्या. हर्षलनं त्यांना रिसोडच्या स्टँडवर सोडायला गाडी काढली, तर कस्तुराबाई नवं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन दारात उभ्या. पिशवीत वांगी होती आणि सांबाराची मोठी जुडी.

"तू कुठी निंगाली?" रंगरावांनी विचारलं.

"ईनबाईच्या घरी. चार दिवस ऱ्हाईन म्हनते."

"आन् मेथी कोन तोडन?"

"तुमच्या वयखीचे लय लोक हायेत ना," गाडीत चढत कस्तुराबाई म्हणाल्या. "बलवा."