एकुलती गुंडाळी

सणाच्या दिवशी तोंड पाडून बसायचं नसतं, असं बाबांनी मला सकाळपासून दोनदा बजावलं. म्हणजे तोंड त्यांचंच पडलं होतं.

गावात आम्ही ज्यू मूठभर उरलो. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमवायला शहरातून माणसं बोलवावी लागतात आणि ती दरवर्षी काही ना काही सबब सांगतात. यंदा मात्र न बोलावता आली, कारण त्यांना आमची तोराह न्यायची होती. तोराह म्हणजे आमचा धर्मग्रंथ, चामड्यावर हातानं लिहिलेला आणि दोन लाकडी दांड्यांवर गुंडाळलेला. सण झाला की प्रार्थनाघराला कुलूप लागणार आणि गुंडाळी शहरातल्या मोठ्या प्रार्थनाघरात जाणार, असं ठरलं होतं. ठरवणाऱ्यांत मीही होते. छप्पर गळतं, माणसं नाहीत, बाबा थकले. मग काय, कपाटात ठेवून वाळवीच्या घशात घालायची?

सिम्हात तोराह हा या वाचनाचा सण. दर शनिवारी थोडं थोडं वाचत आणलेलं त्या दिवशी संपतं आणि संपलं की त्याच बैठकीत पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. शहरात एक गुंडाळी शेवटावर लावलेली असते, दुसरी सुरुवातीवर. ही ठेवली, ती उचलली, आटोपलं. आमची एकुलती एक. शेवट वाचून झाला की ती सगळी उलटी फिरवत सुरुवातीपर्यंत आणायची आणि तोवर बाकीच्यांनी फेर धरून गायचं, गाणं तुटू द्यायचं नाही. रीत गरिबीतून आलेली, पण आम्ही तिचाच तोरा मिरवायचो. शहरवाल्यांना एवढा वेळ नाचायला मिळतंय कुठे, असं बाबा हमखास म्हणायचे.

फिरवायचा मान बाबांचा. त्यांचा धंदा सोफ्या-खुर्च्यांना गाद्या बसवायचा, त्यात सुया ओढून ओढून बोटं पार वाकडी झालेली. दुसरा दांडा चष्म्याच्या दुकानवाला धरतो. त्याला आम्ही चष्मेवालाच म्हणतो.

त्या सकाळी बाबांनी शेवट वाचला. आमच्या लोकांना गुलामीतून सोडवून आणणाऱ्या मोशेला डोंगरावरून देवानं कबूल केलेला देश दिसतो, पण तिथं पाऊल टाकायच्या आधीच तो मरतो. वाचून झाल्यावर शहरवाल्यांचा सेक्रेटरी पुढे आला. माणूस भला, इस्त्री केल्यासारखा. म्हणाला, "काका, आता फिरवायचा त्रास घेऊ नका. आमची शेवटाची गुंडाळी जीर्ण झालीय, तिच्या जागी हीच अशीच ठेवू. सुरुवात छापील पुस्तकातून वाचा."

बाबांचा चेहरा उतरला. "म्हणजे वर्षातून एकदा बाहेर काढायची, मोशेला मारायचं आणि परत कपाटात? तशी मी देणार नाही. सुरुवातीवर आणून देतो. तिथून पुढे वाचत जा."

सेक्रेटरीनं घड्याळाकडे बघितलं. पोचली सुरुवातीपर्यंत तर सुरुवातीला ठेवू, असं तो म्हणाला, पण त्याची माणसं सकाळपासून उपाशी होती. त्यातला एक जरी उठून गेला तरी दहा मोडणार होते आणि दहा मोडले की वाचन नाही.

बाबांनी फिरवायला घेतलं. पाहुणे गायले छान, आमच्याहून छान, मला हेवा वाटला. पण चामड्याला हात लावायचा नसतो, सगळा जोर दांड्यावर. घाई केली की पानं सैल पडतात आणि शिवणीत फाटतात. बाबा सावकाश फिरवत होते, मग आणखी सावकाश. फेर मंदावला. एक पाहुणा बाकावर टेकला, एकाची नजर दाराकडे लागली. बाबांचा हात थांबला. त्यांनी बोटं काखेत दाबून धरली.

मी मागे बायकांच्या बाकावर होते. आमच्यात बाईनं दांडा धरलेला नाही. कुणी मनाई केलेली नाही, पण धरलेला नाही. जाऊ दे, तूच ठरवलंस ना सगळं, असं मी स्वतःला सांगत होते आणि सांगता सांगता उठले, पुढे गेले आणि बाबांना बाजूला करून दांडा धरला.

गाणंच बंद पडलं. सेक्रेटरी काही बोलणार, तेवढ्यात चष्मेवाला म्हणाला, "फिरव. फक्त सैल सोडू नकोस."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच गाणं उचललं, फाटक्या आवाजात, वाकड्या हातांनी टाळ्या देत. टेकलेला पाहुणा उठला. पाहुण्यांनी बाबांना फेरात ओढून घेतलं. मला ती अक्षरं धड वाचता येत नाहीत. समुद्र ओलांडल्याचं गाणं विटा रचल्यासारखं लिहिलेलं असतं, तेवढं ओळखलं. माझे खांदे भरून आले, पण सुरुवात आली आणि दहाच्या दहा जण अजून तिथंच होते.

बाबांनी वाचलं. अंधार, मग उजेड, संध्याकाळ झाली, सकाळ झाली. पाहुणे मोठ्यानं साथ देत होते. त्यांचा आनंद खरा होता आणि मला त्यांचा राग आला, कारण तो उद्या त्यांच्याबरोबर जाणार होता.

वाचून झाल्यावर बाबांनी पानावर दोन दांडे जुळवले. "पुढच्या शनिवारी इथून पुढे," ते सेक्रेटरीला म्हणाले.

सेक्रेटरी घुटमळला. खोटं बोलायची सवय नसावी. दर शनिवारची गुंडाळी वेगळी आहे, असं त्यानं सांगितलं. ही फक्त याच दिवशी निघेल, एवढंच पान वाचायला.

मला वाटलं, बाबा आता खाली बसतील.

"म्हणजे इथून पुढे कधीच नाही," बाबा म्हणाले. "बरं. या पानावर अजून कोणी मेलेलं नाहीये."

मग त्यांनी मला गुंडाळीवर घालायचं कापड आणायला सांगितलं आणि आम्ही दोघांनी मिळून ते चढवलं.